द्रवाचं नाव

तार्तूत डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
त्या उजेडात खोका फोडला,
पाणसळ लावून यंत्र टेबलावर बसवलं.
हेल्वे खुर्चीतून बघत होती.
आडव्या दांडीला लोंबणाऱ्या आठ नळ्या मोजून म्हणाली,
"आठ आचळं. म्हणजे दोन गाई झाल्या."

सव्वीस वर्षं तिनं पिपेट दाबली,
दिवसाला हजारबाराशे वेळा, एकाच अंगठ्यानं.
त्याच्या मुळाशी आता वाटाण्याएवढी गाठ आहे.
थंडीत आधी ती जागी होते, मग हेल्वे.

माझं काम एवढंच, तिच्या हातातलं यंत्रात घालायचं.
पाणी सोपं. बफर सोपं.
रक्तद्रव चिवट, फेसाळ, मानी.
टोकाला लोंबत राहतो, पडत नाही,
पडतो तेव्हा नेमका शेजारच्या खळग्यात.
शहाण्णव खळग्यांची थाळी,
एक थेंब चुकला की दोन माणसं एकमेकांत मिसळली.

विचारलं, "तू किती सेकंद थांबतेस?"
"मी कुठे थांबते?"

मग फोनवर तिच्या हाताचं चित्रण केलं
आणि संथ करून तिलाच दाखवलं.
टोक जेमतेम बुडतं,
वर येतं, काचेच्या कडेला टेकतं,
आणि तिथे, काही न करता, हात उभा राहतो.
तिनं तीनदा बघितलं.
"हो की," म्हणाली. "ही तर आई."

व्होरूकडच्या सामूहिक शेतावर आई धारा काढायची.
दूध काढायचं यंत्र आलं तेव्हा हेल्वे सात वर्षांची.
यंत्राला ओढता येत होतं,
पान्ह्याची वाट बघता येत नव्हती.
आई कासेला ऊन फडकं लावून उभी राहायची,
नळ्या निघाल्या की पुन्हा तिपाईवर बसायची
शेवटच्या धारेसाठी. सगळी साय त्यातच, म्हणायची.
हजेरीच्या वहीत त्या मिनिटांना रकाना नव्हता.

"इथं मात्र उलटं," हेल्वे म्हणाली.
"जास्त ओढते, मोजकं सोडते,
शेवटचं टोकातच ठेवून फेकून देते.
आईनं पाठीत धपाटा घातला असता."

मी लिहून घेतलं.
ओढण्याचा वेग निम्मा.
विराम, एक पूर्णांक चार दशांश सेकंद.
कडेला स्पर्श. शेवटचं राहू द्या.
पडद्यावर चौकट उघडली: द्रवाचं नाव?
तिथे प्लाझ्मा लिहायचं असतं.
मी हेल्वे लिहिलं
आणि कंपनीच्या माणसाला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत, रात्री पावणेतीनला, फोन वाजला.
नदी गोठलेली, पुलावर मी एकटाच.
पोचलो तर ती आधीच तिथे,
झोपायच्या कपड्यांवर कोट,
आणि यंत्र आठही माना वर करून थिजलेलं.
सातव्या नळीत गुठळी.
कुणाची नळी, कोण जाणे; वर नुसत्या काळ्या रेघा.
हातमोजे चढवून तिनं लाकडी काडी घातली,
दोऱ्याएवढं काहीतरी वर काढलं,
दिव्यासमोर धरून पाहिलं. बोलली नाही.
मी बटण दाबलं.
माना खाली गेल्या.

आता तिच्याकडे फ्रीझरच्या याद्या आहेत.
अंगठा बरा आहे, असं ती डॉक्टरला सांगते.
मला त्या रात्रीचा तिचा कोट आठवतो.
हात खिशात, आणि खिशाचं कापड
ठरावीक वेळानं हलत होतं,
प्रत्येक वेळी यंत्राच्या किंचित मागून.
दोन थाळ्या झाल्यावर म्हणाली,
"घाई करतंय. दीड कर."

मी दीड केलं.